बाई, पुढचं मी वाचतो: वाचनाचा आधार कसा द्यायचा आणि कसा काढून घ्यायचा

पाचवीतला मुलगा धडा घडाघडा वाचतो. रफार चुकत नाही, जोडाक्षराला अडखळत नाही, पूर्णविरामाला नीट थांबतो. वाचून झाल्यावर विचारावं, "काय झालं रे यात?" की तो पुस्तकात बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो. चार वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते. वाचायचं आपण, अर्थ सांगायचा बाईंनी.

पलूस-वाळव्याच्या नदीकाठापासून जतच्या पूर्व भागापर्यंत, सांगली जिल्ह्यातले शिक्षक मुलांना आधार देण्यात कमी पडतात असं मला वाटत नाही. आदर्श वाचन होतं, म्हणजे बाई वाचून दाखवतात, अनुवाचन होतं, म्हणजे त्यांच्यामागे मुलं म्हणतात, कठीण शब्द फळ्यावर येतात, परिच्छेद समजावून होतो, प्रश्नोत्तरंही लिहून दिली जातात. आपण कमी पडतो ते हा आधार काढून घेण्यात. जूनमध्ये दिलेला आधार मार्चमध्ये तसाच असतो, आणि सातवीत गेलेलं मूल शिक्षकाने समजावल्याशिवाय पान उलटत नाही. म्हणून तिसरी ते सातवीच्या वर्गात वाचनाचा आधार कोणत्या क्रमाने द्यायचा आणि कोणती खूण दिसली की काढायचा, हे इथे सविस्तर मांडते आहे.

यामागचा विचार जुना आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती कधी हात पुढे करते, कधी मागे घेते याचा अभ्यास केला. पुढे १९८३ मध्ये डेव्हिड पिअरसन आणि मार्गारेट गॅलगर यांनी वाचनाबद्दल हेच मांडलं: जबाबदारी शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे हळूहळू सरकत जावी. "मी करते, आपण करू, तुम्ही करा" हे प्रशिक्षणात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. वर्गात मात्र पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी पडते. बाई वाचतात, समजावतात आणि मग "स्वाध्याय सोडवा". मधली पायरी, जिथे खरं शिकणं होतं, ती दोन-चार मिनिटांत उरकते.

घराचा स्लॅब पडला की सेंटरिंग कधी आणि कोणत्या क्रमाने काढायचं हे मिस्त्रीला आधीच माहीत असतं. बाजूच्या फळ्या लवकर निघतात, खालचे टेकू सगळ्यात शेवटी. वाचनातही तसंच ठरवावं लागतं. आधार देतानाच तो कधी काढायचा हे लिहून ठेवावं.

आधी प्रत्येक मूल कुठे आहे ते बघा

वर्गाची सरासरी काढून काही हाती लागत नाही. प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून साधारण शंभर शब्दांचा, त्याने आधी न पाहिलेला उतारा वाचायला द्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असू शकतो. शंभरात पाचपेक्षा कमी शब्दांना अडला तर ढोबळमानाने तो मजकूर त्याला एकट्याने वाचता येतो. पाच ते दहा ठिकाणी अडला तर तो मजकूर शिकवण्याजोगा आहे, तुमच्या मदतीने जमेल. दहाच्या पुढे अडला तर आज तो मजकूर बाजूला ठेवा आणि सोपा द्या.

पण इथेच थांबू नका. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणं अपेक्षित आहे. आपण घड्याळ लावतो, ६० मोजतो आणि "अर्थासह" हे राहून जातं. म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, "आता मला सांग." मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्या. "आजा म्हणला, पाणी याय लागलंया" असं सांगणाऱ्या मुलाला अर्थ पूर्ण कळलेला आहे. त्या क्षणी त्याची भाषा सुधारायला गेलात तर पुढच्या वेळी तो पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवेल आणि त्याला कळलं की नाही हे समजायचा रस्ता बंद होईल.

यातून तीन प्रकारची मुलं पुढे येतात. अक्षरातच अडणारी, अक्षर सुटलेलं पण अर्थात अडणारी, आणि दोन्ही जमणारी पण आळसाने किंवा भीतीने तुमची वाट बघणारी. तिघांना आधार वेगळा लागतो. अक्षरात अडलेल्याला समजावून सांगत बसणं आणि अर्थात अडलेल्याकडून बाराखडी म्हणवून घेणं, दोन्ही वेळ वाया घालवणं आहे.

अक्षरात अडलेल्यांसाठी

मराठीची लिपी मुलाच्या बाजूची आहे. बहुतेक जसं लिहिलं तसं वाचायचं असतं. अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत: जोडाक्षर, रफार, च-ज-झ यांचे दोन-दोन उच्चार, आणि पुढच्या अक्षराप्रमाणे बदलणारा अनुस्वार. या जागा सुट्या करून शिकवाव्या लागतात. "निसर्ग" या शब्दात रफार "ग"वर दिसतो, पण म्हणायचा मात्र "ग"च्या आधी. हे एकदा फळ्यावर बोट फिरवून दाखवलं आणि सूर्य, पर्वत, दुर्लक्ष, वर्ग असे शब्द मुलांनी स्वतः शोधले की बरंचसं काम होतं.

मूल शब्दापाशी थांबलं की तोंडातून शब्द निसटू देऊ नका. मदतीचा क्रम ठरवा. आधी काहीच न बोलता थांबा. मग "पुन्हा बघ". मग "कुठल्या अक्षराला अडलास?" मग शब्दाचा अर्धा भाग बोटाने झाका. हे सगळं होऊनही जमलं नाही तरच शब्द सांगा, आणि सांगितल्यावर ते पूर्ण वाक्य पहिल्यापासून वाचून घ्या. शेजारच्या मुलांनाही हा नियम पाळायला लावा. सगळ्यात जास्त घाई त्यांनाच असते.

अनुवाचनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिली-दुसरीत, कवितेला, लय कळावी म्हणून ते ठीक आहे. तिसरीनंतर गद्य धड्याला रोज अनुवाचन घेतलं तर मुलं कानाने शिकतात आणि डोळे पानावर नसतात. खात्री करायची असेल तर मधलं एखादं वाक्य वगळून बघा. निम्मा वर्ग तुमच्यामागे पुढच्या वाक्यावर येईल आणि पुस्तकातलं वाक्य सुटलं हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मजकूर आणि एक कौशल्य निवडा

एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. सर्वनाम कोणाबद्दल आहे ते ओळखणं, किंवा न लिहिलेली गोष्ट ताडणं, किंवा अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतून काढणं. एकाच तासात सगळं घेतलं तर मुलांच्या हाती काही राहत नाही.

शिकवण्यासाठीचा मजकूर छोटा असावा, आणि पहिल्या काही वेळा मुलांच्या ओळखीच्या जगातला असावा. तो स्वतः लिहायला हरकत नाही. नदीकाठच्या चौथी-पाचवीच्या वर्गासाठी असा एक उतारा चालेल:

"दोन दिवस सांगलीत पावसाचा थेंब नव्हता. तरी आयर्विन पुलाखालचं पाणी चढत होतं. आजोबांनी जनावरं सोडली आणि ती वरच्या माळाला नेली. आई म्हणाली, 'अजून पाणी गल्लीत पण आलं नाही.' आजोबा म्हणाले, 'कोयनेचं दार उघडलंय. कराडवरून इकडे यायला त्याला वेळ लागतो, पण ते येतं.' आईने काही न बोलता माळ्यावर शिडी लावली."

सात-आठ वाक्यं आहेत, पण शिकवण्यासारखं भरपूर आहे. "ती" म्हणजे कोण? "त्याला" म्हणजे कुणाला? नदीला दार कसं असेल? आईने शिडी का लावली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात कुठेही लिहिलेलं नाही आणि नदीकाठच्या कुठल्याही पोराला ते माहीत असतं.

जतच्या मुलांना हा उतारा देऊन चालणार नाही. तिथे पुराची नाही, टँकरची ओळख असते. म्हैसाळ योजनेच्या कालव्याला पाणी सुटल्याच्या दिवसावर सात-आठ वाक्यं लिहा. कौशल्य तेच राहील.

वाचायच्या आधी किती सांगायचं? आपण सवयीने सगळंच सांगून टाकतो: धडा कशाबद्दल आहे, त्यात काय होतं, शेवटी काय शिकायचं. मग मुलाने वाचायचं कशासाठी? ज्या शब्दावाचून मजकुरात शिरताच येणार नाही तेवढाच आधी सांगावा. वरच्या उताऱ्यात बाहेरगावाहून आलेल्या मुलाला "आयर्विन पूल हा सांगलीतला कृष्णेवरचा पूल" एवढं सांगितलं तरी पुरे. "कोयनेचं दार" मात्र सांगू नका, तिथेच तर त्याला विचार करायचा आहे.

पहिली पायरी: वाचताना डोक्यात काय चालतं ते मोठ्याने बोला

परिच्छेद समजावणं आणि मोठ्याने विचार करणं यात फरक आहे. समजावताना आपण तयार अर्थ सांगतो. मोठ्याने विचार करताना आपण त्या अर्थापर्यंत कसे पोचलो ते दाखवतो, अडल्यासकट. चांगला वाचणारा माणूस अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यांना वाटतं बाईंना सगळं एका दमात कळतं.

उताऱ्याची प्रत सगळ्यांसमोर असू द्या, फळ्यावर किंवा कागदावर, आणि असं वाचा:

"'दोन दिवस सांगलीत पावसाचा थेंब नव्हता. तरी पाणी चढत होतं.' थांबते इथे. पाऊस नाही आणि पाणी चढतंय? हे मला जुळेना. पुढे काही सांगतात का बघते. 'आजोबांनी जनावरं सोडली आणि ती वरच्या माळाला नेली.' ती? ती म्हणजे कोण, कुणी बाई? मागे जाते. 'जनावरं सोडली आणि ती'. हां, ती म्हणजे जनावरं. 'कोयनेचं दार उघडलंय.' नदीला दार नसतं. कोयनेवर धरण आहे, त्या धरणाचं दार असणार. म्हणजे पाऊस तिकडे झाला. आता मघाचं जुळलं."

एवढंच. पाच-सात मिनिटांच्या वर नाही. मध्ये प्रश्न विचारू नका, मुलांनी फक्त बघायचं. झाल्यावर एकच विचारा: "मी कुठे-कुठे थांबले आणि थांबल्यावर काय केलं?" मुलं सांगतील ते फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच शब्दांत लिहा. "जुळेना म्हणून पुढे वाचलं." "ती कोण ते मागे जाऊन बघितलं." हीच पुढच्या काही आठवड्यांची यादी. छापील तक्त्यापेक्षा ही जास्त कामी येते, कारण ती त्यांनी केलेली आहे.

दुसरी पायरी: आपण मिळून करू

सगळ्यात जास्त दिवस इथे घालवायचे. माझ्या मते एका कौशल्याला दोन आठवडे तरी, आणि घाई असेल तर घाई इतर पायऱ्यांवर करावी, इथे नको.

नवीन, तेवढाच छोटा उतारा घ्या. आता वाचायचं सगळ्यांनी मिळून, पण थांबायची जागा मुलांनी सांगायची. पहिल्या दिवशी कुणी थांबवणार नाही. मग तुम्हीच एका ठिकाणी थांबा आणि विचारा, "मी इथे का थांबले असेन?" दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी म्हणेल, "बाई, 'त्याने' म्हणजे कुणी?" त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. "चांगल्या जागी थांबलीस. आता कसं शोधायचं?" असं म्हणून फळ्यावरच्या यादीकडे बोट करा.

इथे थांबून राहणं फार महत्त्वाचं आहे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आली आणि न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजा. वर्गातली ती शांतता आपल्याला जड जाते, मुलांना तेवढी जात नाही.

उत्तर चुकलं किंवा आलंच नाही तर मदत थोडी-थोडी वाढवा. "ते वाक्य परत वाच." मग "कुठल्या शब्दापाशी गोंधळ झाला?" मग "उत्तर या दोन ओळींत आहे." मग दोन पर्याय द्या: "पाऊस सांगलीत झाला की कोयनेकडे?" शेवटचा उपाय म्हणून सांगा. आणि सांगितलं तर "का" हे त्यालाच विचारा. "समजलं का?" हा प्रश्न मात्र कायमचा सोडून द्या. त्याला एकच उत्तर येतं, "हो बाई", आणि त्यातून काहीच कळत नाही.

प्रश्नांचे तीन प्रकार मुलांना उघडपणे शिकवा. "आजोबांनी जनावरं कुठे नेली?" याचं उत्तर एका ओळीत आहे, बोट ठेवता येतं. "सांगलीत पाऊस नसताना पाणी का चढलं?" याला दोन-तीन ओळी जोडाव्या लागतात. "आईने शिडी का लावली?" याला मजकूर आणि आपल्याला आधीपासून माहीत असलेलं, दोन्ही लागतं. मग प्रश्न ऐकल्यावर उत्तर देण्याआधी मुलांनी सांगायचं, हा कुठल्या जातीचा. एकदा ही ओळख झाली की गाईडमधलं उत्तर शोधायची सवय बरीच सुटते, कारण उत्तर कुठे मिळेल हे मुलाला स्वतःलाच कळू लागतं.

या पायरीवरून पुढे कधी जायचं? तुम्ही थांबायच्या आधी निम्म्याहून जास्त मुलं थांबायला लागली, आणि थांबून काय करायचं तेही त्यांनाच सुचू लागलं, की तुमचं मोठ्याने विचार करणं बंद करा. बंद म्हणजे त्या कौशल्यासाठी पूर्ण बंद.

तिसरी पायरी: चौघांचा गट

ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली सातवीची मुलं आपल्या पाचवीतल्या त्या मुलासारखीच होती: अक्षरं नीट वाचता येणारी, अर्थात मागे पडलेली. या दोघींनी चार कामं ठरवली. पुढे काय येईल याचा अंदाज, प्रश्न विचारणं, अडलेल्याचा खुलासा आणि थोडक्यात सार. सुरुवातीला शिक्षक ही कामं करून दाखवतात, मग मुलं आळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसतात.

आपल्या वर्गात हे असं बसवता येतं. चौघांचा गट, चार पुठ्ठ्याच्या पट्ट्या: अंदाज, प्रश्न, अडलंय, सार. प्रत्येक पट्टीमागे सुरुवात करून देणारं एक वाक्य. "मला वाटतं पुढे...", "... असं का झालं?", "मला ... कळलं नाही, कुणाला कळलं?", "आत्तापर्यंत एवढं झालं...". एक परिच्छेद मनात वाचायचा, चौघांनी आपापलं काम करायचं, मग पट्ट्या उजवीकडे सरकवायच्या आणि पुढचा परिच्छेद.

गट करताना चारही हुशार मुलं एका गटात घालू नका आणि अक्षरात अडलेल्याला "सार" पहिल्याच दिवशी देऊ नका. त्याला "अडलंय" द्या. त्याच्याकडे विचारायला सगळ्यात जास्त असतं, आणि वर्गात पहिल्यांदाच त्याचं अडणं उपयोगी पडतं. अशा मुलाचा चेहरा त्या वेळी जरूर बघा.

तुम्ही गटागटांत फिरा पण बसू नका. शिक्षक बसला की चौघांचे डोळे पुस्तकावरून उठून त्याच्याकडे जातात. ऐका, वहीत टिपा आणि पुढे जा. गट गप्प झाला असेल तर पट्टीमागचं वाक्य बोटाने दाखवा आणि निघा.

काढायचा क्रम असा. मुलं वाक्य न वाचता बोलू लागली की पट्टीमागचं वाक्य काढा. आपली पाळी नसतानाही कुणी प्रश्न विचारू लागलं की पट्ट्याच काढा. मग चौघांचे दोघं करा. शेजारी एक सोबती असणं हा शेवटचा आधार, तो सगळ्यात शेवटी जातो.

चौथी पायरी: एकट्याने

रोज वीस मिनिटं मूकवाचन, जमेल तर परिपाठानंतर लगेच, कारण शेवटचा तास नेहमीच कशाने तरी खाल्ला जातो. या वेळात शिक्षकानेही पुस्तक वाचावं किंवा एका मुलाला शेजारी बसवून ऐकावं. हजेरी, माहितीचे तक्ते आणि मोबाईल या वीस मिनिटांत नको.

एकट्याने वाचायचं पुस्तक निवडणं हेही शिकवावं लागतं. आधी तुम्ही एक द्या. मग तीन पुढे ठेवून एक घेऊ द्या. मग कपाट उघडं. मुलाने मधलंच एक पान वाचून बघायचं, पाच बोटं मिटण्याइतके शब्द अडले तर पुस्तक परत. पुस्तकं कमी असतील तर बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. १९७१ पासूनचं हे मासिक आहे, त्यातल्या गोष्टी छापून वर्गात ठेवता येतील. आणि सहल महाबळेश्वर-पाचगणीला जाणारच असेल तर २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालेल्या भिलारला दोन तास ठेवा. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. मुलांना रांगेत फिरवू नका. सोडून द्या आणि कोण कुठे जाऊन बसतं ते बघा.

वाचल्यावर प्रश्नोत्तरं लिहून घेऊ नका. एक कागदाची पट्टी पुरे: कुठे अडलो, काय केलं. "पान ७, 'वतन' कळेना, पुढं वाचलं मग कळलं." एवढं लिहिणाऱ्या मुलाला वाचता येतं.

खरी परीक्षा दुसऱ्याच मजकुरावर होते. गणिताचं शाब्दिक उदाहरण दिलं की वर्गातून आवाज येतो, "बाई, बेरीज का वजाबाकी?" हा गणिताचा प्रश्न वाटतो, पण तो वाचनाचा आहे. मुलाने उदाहरण वाचलेलंच नाही, तुमची वाट बघितली आहे. तिथेही तेच करा: "परत वाच, कुठल्या शब्दावरून कळेल?" परिसर अभ्यासाचा पाठ, एसटी स्टँडवरचं वेळापत्रक, रेशन दुकानावरची सूचना, पुराच्या वेळी पेपरात आलेली "इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट" ही ओळ, असं काहीही पुढे ठेवा. न सांगता मूल थांबतं का, मागे जातं का, आणि "समजत नाही" असं मोघम न म्हणता "हा शब्द समजत नाही" असं नेमकं विचारतं का, हे बघा. नेमकं विचारणारं मूल स्वतंत्र झालेलं आहे. कुणालाच काही न विचारणाऱ्या मुलाबद्दल मात्र मला काळजी वाटते.

मजकूर अवघड झाला की काढलेला आधार तेवढ्यापुरता परत द्यायला संकोच करू नका. विज्ञानाच्या पहिल्याच पाठाला सहावीचा अख्खा वर्ग दोन पायऱ्या खाली येतो. पण परत देतानाही किती दिवसांसाठी ते ठरवून द्या.

वही

शंभर पानी वही, प्रत्येक मुलाला एक पान. तीनच गोष्टी: कोणता आधार, कधी दिला, कधी काढून बघणार. काढून बघायची तारीख आधार देतानाच लिहायची. ती तारीख आली की एक दिवस आधाराशिवाय बघायचं. जमलं तर रेघ मारायची, नाही तर नवी तारीख. ही वही टाचणासाठी किंवा केंद्रप्रमुखांना दाखवायला नाही. रोज दोन-तीन मुलांच्या पानांवर एखादी ओळ लिहिली तरी तीस मुलांचा वर्ग दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

"मग अभ्यासक्रम कधी संपवायचा?" हा प्रश्न शिक्षण परिषदेत हमखास येतो आणि तो रास्त आहे. सगळे धडे या पद्धतीने घेऊ नका. तीनातला एक घ्या. उरलेले दोन धडे मुलं हळूहळू स्वतः वाचू लागतात आणि तिथे तुमचा वेळ वाचतो. पहिल्या सत्रात मागे पडल्यासारखं वाटतं, दिवाळीनंतर फरक दिसतो. द्विशिक्षकी शाळेत तर याचा जास्त फायदा आहे, कारण तिसरीला तुम्ही शिकवत असताना चौथीचे गट पट्ट्या घेऊन आपलं आपण चालू ठेवतात.

मध्येच आलेली मुलं आणि घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं

कारखाने सुरू झाले की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि वाळवा-पलूस-कराड पट्ट्यातल्या शाळांत नवी मुलं बसतात. मार्चमध्ये ती निघून जातात. वर्ग तिसऱ्या पायरीवर आणि हे मूल कुठेच नाही, अशी स्थिती असते. त्याला पहिल्या दिवशीच शंभर शब्दांचा उतारा वाचायला द्या, इयत्ता बघू नका. दोघांच्या जोडीत बसवा, आणि जोडीदार असा द्या जो नुकताच आधारातून बाहेर आला आहे. कसं अडायचं आणि कसं सुटायचं हे त्याला ताजं आठवत असतं. उतारा फडावरचा, पाचटाच्या खोपीचा, बैलगाडीचा लिहा. अशा उताऱ्यावर तेच मूल वर्गाला शब्द समजावून सांगतं. आणि जाताना तुमच्या वहीतलं त्याचं पान फाडून त्याच्या आई-वडिलांकडे द्या, म्हणजे गावाकडच्या शाळेला सुरुवातीपासून चाचपडावं लागणार नाही.

जतच्या पूर्व भागात घरात कन्नड बोलणारी मुलं मराठी वाचतात. त्यांना अर्थ कन्नडमध्ये सांगू द्या. तुम्हाला कन्नड येत नसेल तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून ऐका. अर्थ कळला आहे पण मराठीत सांगता येत नाही, आणि अर्थच कळलेला नाही, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. कन्नडमध्ये सांगू दिल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत. पहिल्या अडचणीला मराठी बोलण्याचा सराव हवा, दुसऱ्या अडचणीला वर सांगितलेली सगळी वाट.

एप्रिलमध्ये निकालपत्रक भरताना वहीतल्या ज्या आधारांवर अजून रेघ पडलेली नाही तेवढ्यांची एक यादी करा आणि पुढच्या वर्गशिक्षकांना द्या. "हिला अजून जोडीदार लागतो." "याला प्रश्नाची जात विचारा, उत्तर सांगू नका." "हा अडला की हळू वाचतो, थांबवू नका, त्याचं त्याला जमतं." हजेरीपटाच्या पहिल्या पानालाच टाचून द्या, म्हणजे पंधरा जूनला शाळा उघडल्याबरोबर ती त्यांच्या हाती पडेल.